गाडीतली माझी सीट

सायकलच्या चेनला तेल लावलं की रस्त्याची माती आपोआप येऊन बसते. किस्स्यांचंही तसंच. मी ते गोळा करायला जात नाही. रविवारी पहाटे घरातून निघते तेव्हा स्वच्छ असते, दुपारी परत येते तेव्हा एक-दोन चिकटलेले असतात. पुसून टाकावेत तर पुढच्या रविवारी नवे! आता इतके झालेत की पुसणं सोडून लिहायलाच बसले.

आमचा ग्रुप म्हणजे बंगळूरच्या चारी बाजूंनी येणारी आठ-दहा मराठी माणसं. दर रविवारी शहर ओलांडून गावरस्त्यांवर सायकली हाणायच्या, कुठल्यातरी हॉटेलात इडली खायची आणि दुपारपर्यंत परतायचं. त्यातली तीन माणसं लक्षात ठेवा, पुरे. कौस्तुभ पुण्याचा, महादेवपुऱ्यात आयटीत आहे, आमचा कॅप्टन. त्याला कुणी कॅप्टन केलेलं नाही, त्यानं टी-शर्टवर छापून घेतलंय. निलेश नागपूरचा, तोही आयटीत. प्राची मुंबईची, तीही आयटीतच. आणि मी राजाजीनगरची. आमचं घराणं इथं साडेतीनशे वर्षं आहे, त्यामुळे "मावशी, तुम्ही बंगळूरला कधी शिफ्ट झालात?" असं विचारलं की मी फक्त बघते.

वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत. शिवण, इंग्रजी वाचणं, स्मार्टफोन आणि साठी उलटल्यावर सायकल, सगळं माझं मी शिकले. पडले तीही माझी मी. सायकल इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरात घेतलेली, काळी, लोखंडी. यांच्या सायकलींना बावीस बावीस गिअर. माझ्या सायकलला एकही नाही. जो काय आहे तो माझ्या गुडघ्यात आहे.

आता भांडणाचं सांगते. आमच्यात नियम आहे की कुणाला मागे टाकून जायचं नाही. हॉटेलात शेवटचा माणूस पोचेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. शेवटचा माणूस बहुतेक मीच असते. माझ्यासाठी थांबून थांबून कौस्तुभनं एक तोडगा काढला. पाणी, केळी, पंप घेऊन आमच्या मागून त्याची गाडी येते, मंजण्णा नावाचा ड्रायव्हर ती चालवतो. "मावशी, तुम्ही पुढच्या सीटवर बसा. एसी आहे. आम्ही उशीसुद्धा ठेवू. ग्रुपमध्ये तर तुम्ही असालच ना!"

उशी!

माझी एक मैत्रीण होती, म्हणजे आहे. तिला मुलांनी आधी स्कूटर सोडायला लावली. मग गच्चीचा जिना. मग गॅसजवळ जायचं नाही. आता ती खिडकीत बसते आणि खालून जाणाऱ्या भाजीच्या गाड्या बघते. माझा मुलगा श्रीकांत कौस्तुभचं ऐकून इतका खूश झाला की त्याला मिठाईच पाठवायचा बाकी होता. सायकल गेली की रांगेत पुढचं काय आहे ते मला दिसत होतं.

* * *

तर आमच्या खाणाखुणा. पुढचा माणूस खड्डा दाखवतो, मागचा त्याच्या मागच्याला, असं शेपटापर्यंत. पुढच्यानं हात पाठीमागे नेऊन उजवीकडे हलवला तर सगळ्यांनी उजवीकडे सरकायचं. प्रश्न विचारायचे नाहीत. कौस्तुभची शिस्त!

एकदा त्यानं टी-शर्टच्या मागच्या खिशात गुळाची चिक्की ठेवली. रात्रभर खिशात चिक्की आणि सकाळी चिक्कीत मुंग्या. डोड्डबळ्ळापूरच्या रस्त्यावर पहिली मुंगी चावली. त्यानं हात मागे नेऊन झटकला. आम्ही सगळे उजवीकडे. दुसरी चावली. आम्ही आणखी उजवीकडे. मग बहुतेक सगळ्या एकदमच चावल्या, कारण त्याचा हात थांबेना. आम्ही डांबरी रस्ता सोडला, मातीत उतरलो, एका कमानीखालून गेलो आणि थेट लग्नाच्या मांडवात!

दारात दोन मुली गुलाबपाणी शिंपडत उभ्या होत्या. त्यांनी आमच्या हेल्मेटवर शिंपडलं.

यजमानांनी हात जोडून विचारलं, "मुलाकडचे?"

निलेश म्हणाला, "नाही नाही, आम्ही तर..."

मी कन्नडात म्हटलं, "हो. थोडे आधी आलो."

केसरीबात, म्हणजे आपला शिरा, उत्तम होता. उप्पिटात काजू होते. दुसऱ्यांदा वाढायला आले तेवढ्यात कौस्तुभचा फोन. तो एकटाच तीन-चार किलोमीटर पुढे हात हलवत गेला होता.

"मावशी, तुम्ही सगळे आहात कुठे?"

"तू सांगितलंस तिथंच," मी म्हटलं.

* * *

ही पोरं सायकल चालवताना जेवत नाहीत, एक चिकट पदार्थ चोखतात. जेल म्हणतात. छोटं पाकीट दातानं फाडायचं, तोंडात पिळायचं आणि डोळे मिटून गिळायचं, आम्ही लहानपणी एरंडेल गिळायचो तसं.

शहाळ्याच्या गाडीवर प्राचीनं एक पाकीट शहाळेवाल्या अण्णाला चाखायला दिलं. "अण्णा, ट्राय करा. यात खूप एनर्जी असते."

अण्णानं बोटावर घेतलं, जिभेला लावलं, विचार केला. मग शेजारच्या टायरवाल्याला हाक मारून म्हणाला, "ए, तुझी पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब ही घेऊन आलीय बघ!"

* * *

निलेशचा जीव त्याच्या मोबाइलच्या ॲपमध्ये असतो. आठवड्याचे शंभर किलोमीटर म्हणजे शंभर. नव्याण्णव पूर्णांक काहीतरी झाले तर त्याला रात्री झोप लागत नाही. एकदा देवनहळ्ळीच्या अलीकडे इडलीचं हॉटेल आलं आणि याचे शंभराला थोडे कमी भरले. आम्ही आत गेलो. हा म्हणाला, "मावशी, तुम्ही ऑर्डर देऊन टाका, मी पूर्ण करून येतो न."

हॉटेलसमोर पिंपळाचा कट्टा होता. खाली नागाचे दगड, हळदकुंकू लावलेले. निलेश त्या कट्ट्याला सायकलवरून फेऱ्या मारायला लागला. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा गॉगल, गोल गोल गोल.

गावातल्या चार बायका पूजेला आल्या होत्या. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. त्यातली सगळ्यांत म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "काय रे बाळा, लग्न जुळत नाही का?"

निलेशला दम लागलेला. कन्नड येत नाही. त्यानं आपली मान हलवली.

झालं! एकीनं त्याच्या हँडलला पिवळा दोरा बांधला. दुसरीनं त्याच्या हेल्मेटला कुंकू लावलं. तिसरी आणि चौथी त्याच्या मागोमाग पायी प्रदक्षिणा घालायला लागल्या, पोराला एकट्याला वाटू नये म्हणून. त्यांच्या चालीनं सायकल चालवताना निलेश दोनदा पडला. शंभर झाले तरी त्या थांबू देईनात.

पुढच्या महिन्यात निलेशचं लग्न ठरलं.

"मावशी, तो योगायोग होता बरं का," तो मला परत परत सांगून राहिला होता. "माणसानं असं काही बोलू नये. आपण शिकलेले लोक आहोत."

"मी कुठं काही बोलले?"

"तुम्ही नाही बोलल्या. पण ऑफिसातल्या तिघांनी लोकेशन मागितलं ना!"

* * *

कौस्तुभला सायकल हलकी करायचं वेड आहे. बाटलीचा स्टँड काढला. सीटखालची पिशवी काढली. एक दिवस घंटीही काढली. म्हणे चाळीस ग्रॅम वाचले. तेव्हापासून रस्त्यात म्हैस आडवी आली की कॅप्टन तोंडानं "ट्रिंग ट्रिंग" करतो. म्हैस वळून बघते आणि तिथंच उभी राहते. मग मी मागून येते, माझी घंटी वाजवते, म्हैस बाजूला होते. दर वेळी.

मे महिन्यात तूबगेरेला गेलो होतो. तिथले फणस प्रसिद्ध आहेत. हलकी सायकल घेऊन कॅप्टन सगळ्यांत पुढे, आणि तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन. "तिकडे गेलाच आहेस तर एक फणस आण. मोठा बघ."

त्या दिवशी मंजण्णाची सुट्टी, म्हणून गाडी नाही. कौस्तुभ माझ्या सायकलकडे बघायला लागला.

"मावशी, तुमचं कॅरियर..."

"कॅरियर? अरे, ते फार जड असतं ना?"

शेवटी प्राचीच्या ओढणीत बांधून फणस त्यानं पाठीवर घेतला. असा घट्ट, गोल, पाठीला चिकटलेला. ऊन तापलं होतं. पुढच्या गावात नळावर पाणी भरणाऱ्या एका बाईनं हे बघितलं आणि कळशी खाली आपटली.

"लाज नाही वाटत? एवढ्या उन्हात लेकराला घेऊन फिरतोस? डोकं तरी झाक त्याचं!"

मी भाषांतर करून सांगितलं. कौस्तुभ म्हणाला, "मावशी, त्यांना सांगा ना हा फणस आहे."

मी सांगितलं. बाई आणखी भडकली. "स्वतःच्या पोराला फणस म्हणतो!"

आता नळावरच्या बाकीच्या बायकाही गोळा व्हायला लागल्या. कौस्तुभनं सायकल थांबवली, खिशातून स्वतःची टोपी काढली आणि मुकाट्यानं फणसाला घातली.

"सरी," बाई म्हणाली, म्हणजे ठीक आहे, आणि कळशी उचलली.

* * *

कुत्र्यांचं एवढंसंच आहे. होसकोटेच्या पलीकडे एका गावात पाच-सहा कुत्री आमची वाटच बघत असतात. प्राची त्यांना इंग्रजीत समजावते. निलेश हिंदीत शिव्या देतो. कौस्तुभ वेग वाढवतो, आणि कुत्री त्याच्या मागे जीव तोडून धावतात.

मी येते तेव्हा तीच कुत्री उठतात, अंग झटकतात आणि वेशीपर्यंत माझ्या बाजूनं चालत येतात.

कौस्तुभनं हॉटेलात सगळ्यांसमोर विषय काढला. "मावशी, राग मानू नका, पण कुत्र्यांनासुद्धा तुमच्यामागे धावावं लागत नाही. यावरून तरी विचार करा."

"केला," मी म्हटलं. "तुझ्याशी ती भांडतात. मला पोचवायला येतात."

सगळे हसले, पण मोबाइलवर मतदान झालंच. ठरलं असं की जानेवारीतल्या मागडीच्या राइडला इतरांची दुसरी कॉफी संपायच्या आत मी हॉटेलात पोचले तर सायकल माझी. नाही पोचले तर त्यापुढे गाडीतली सीट माझी. श्रीकांतनं ग्रुपात नसूनही अंगठा पाठवला. कसा पाठवला कोण जाणे!

* * *

मागडीच्या त्या रविवारी थंडी होती. निघाल्या निघाल्या पोरं पुढे गेली, दिसेनाशी झाली. मागे मी आणि माझ्या मागे चालण्याच्या वेगानं मंजण्णाची गाडी. पुढची सीट रिकामी. तिच्यावर उशी. फुलाफुलांची!

चढावर मंजण्णानं काच खाली केली. "अक्का, स्वल्प बसता का? मी कुणाला सांगणार नाही."

"समोर बघून गाडी चालव," मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर पायांत गोळे आले होते. पोरं आता पहिली कॉफी पीत असतील, असा हिशेब मनात चाललेला.

मग एक वळण आलं, आणि वळणापलीकडे सगळा ग्रुप रस्त्यात बसलेला!

आमच्या इकडे जानेवारीत शेतकरी हुरळी, म्हणजे आपले हुलगे, वेलांसकट उपटून डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, फुकटात मळणी. बस जाते, लॉरी जाते, ट्रॅक्टर जातो. पण आमची पोरं वेगात त्यात घुसली आणि ते वेल त्यांच्या बावीस गिअरांत असे गुंतले की एकही चाक फिरेना. सायकली उलट्या करून ठेवलेल्या. निलेश प्राचीच्या केसांची पिन घेऊन एकेक काडी उपसत होता. आणि मध्यभागी हातात दाताळं घेऊन माझ्याच वयाची एक बाई उभी. गौरम्मा.

ती काळजीत नव्हती, संतापलेली होती. मला बघून म्हणाली, "अक्का, हे तुझे? एवढे सगळे वरून गेले, एक शेंग फुटली नाही! ह्या कसल्या गाड्या? ह्यांना वजनच नाही!"

कौस्तुभनं विचारलं, "काय म्हणतायत?"

"तुझी सायकल फार हलकी आहे म्हणते."

"थँक यू सांगा," तो म्हणाला.

तेवढ्यात गौरम्माला माझ्यामागची गाडी दिसली. तिचा चेहराच बदलला. तिनं दाताळं आडवं धरून मंजण्णाला थांबवलं, पसरलेल्या हुरळीवरून पुढे न्यायला लावलं, मागे आणायला लावलं. खाली वाकून चार शेंगा दाबून बघितल्या. मान हलवली. "स्वल्प भार बेकु," म्हणजे अजून वजन पाहिजे. मग तिची नजर आमच्या ग्रुपावरून फिरली. ओठांत मोजत असावी.

"तू ये. तू पण. तो जाडा पहिला!"

जाडा म्हणजे कॅप्टन. टी-शर्टवरची अक्षरं जरा ताणलेलीच असतात. तो काही बोलायच्या आत गौरम्मानं त्याला दंडाला धरून मागच्या सीटवर कोंबलं. त्याच्या शेजारी निलेश, निलेशच्या शेजारी प्राची. बाकीच्यांना दाताळी देऊन शेंगा उलटायला लावलं. आणि पुढच्या सीटवर, उशी बाजूला फेकून, ती स्वतः बसली.

"आणि मी?" मी विचारलं.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुझं काय वजन असणार! हाडं नुसती. तू जा."

आयुष्यात मला कुणी असं तोंडावर बोललं असतं तर मी सोडलं नसतं. या वेळी सोडलं. माझ्या चेनवर लोखंडी कव्हर आहे, अख्खं, जुन्या पद्धतीचं. एक काडी आत गेली नाही. हुरळीवरून खुसखुस आवाज करत हळूहळू पलीकडे निघाले. मागे वळून बघितलं तर गाडी पुढे-मागे, पुढे-मागे, आणि मागच्या काचेला कॅप्टनचा चेहरा चिकटलेला.

हॉटेलात पोचले. एकटीच. इडली मागवली. पहिली कॉफी प्याले. कुणी नाही. दुसरी प्याले. कुणाला मागे टाकून जायचं नाही असा नियम आहे, म्हणून थांबले. तिसरी मागवावी का असा विचार करत होते तेवढ्यात गाडी आली.

गाडीचा रंग ओळखू येत नव्हता, इतकं भुसकट. सायकली म्हणे गौरम्माच्या गोठ्यात बांधून आले होते. मागून तिघं उतरली, बाकीचे अजून तिथं शेंगाच उलटत होते. प्राचीच्या केसांत काड्या, निलेश शिंकतोय, आणि सगळ्यांत शेवटी कौस्तुभ, पोटावर उशी घट्ट धरलेली. गाडी आदळायची ना, त्याला ती लागली असणार. माझ्यासमोरच्या दोन रिकाम्या कपांकडे त्यानं बघितलं. मी वेटरला तिसरी सांगितली.

पुढची काच खाली आली. गौरम्मा उतरली नाही. पोरांना कॉफी पाजायला म्हणून ती आली होती, पण तिला ती सीट सोडवेना. तिथूनच तिनं मला बोलावलं.

"अक्का, ह्यांच्यात मोठी तूच ना?"

"मीच."

तिनं कौस्तुभकडे बोट दाखवलं. "हा पोरगा चांगला आहे. जड आहे, वळवळ करत नाही. पुढच्या रविवारी माझ्या नाचणीची मळणी आहे. ह्याला सायकलवर बसू देऊ नको. गाडीत घालून आण."

कौस्तुभनं मला विचारलं, "काय म्हणतायत?"

"सरी," मी गौरम्माला म्हटलं.